गुरुवारची गाडी

माझं काम बसमधली माणसं मोजण्याचं आहे. गावात हे सांगितलं की लोक हसतात. सौदीत रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करणारा एवढा मोठा प्लांट, आणि तिथे हा माणूस काय करतो, तर कुठल्या कॅम्पवरून कुठली बस किती वाजता सुटली आणि तिच्यात किती डोकी होती ते लिहितो. हसू देत. ज्यांनी सकाळच्या उन्हात शिफ्ट चुकलेल्या माणसाचा चेहरा पाहिलेला नाही, त्यांना या कामाची किंमत कळणार नाही. बस भरून गेली पाहिजे आणि मागे कोणी राहता कामा नये, एवढंच करायचं असतं. या दोन गोष्टी एकाच दिवशी क्वचित जमतात.

रिकामी सीट दिसली की माझं डोकं फिरतं, ही माझी जुनी खोड. पन्नास माणसांच्या गाडीत नऊ माणसं वाळवंटातून धूळ उडवत चाललेली पाहिली की मला अन्न गोड लागत नाही. मी लगेच कागद काढतो, दोन फेऱ्या जोडतो, एक गाडी कमी करतो. साहेब खूश, मी खूश. त्या नऊ माणसांना अर्धा तास आधी उठावं लागतं, ते खूश नसतात, पण त्यांना विचारतो कोण? बरीच वर्षं मीही विचारलं नाही.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या वरच्या अंगाला, रस्ता संपतो तिथे. संपतो म्हणजे खरोखरच संपतो. मशिदीसमोर एक पटांगण आहे, तिथे एस.टी. वळायची, आणि पुढे काजूची झाडं आणि खाली खाडी. घरं साठेक असतील. रेशनकार्डावरची माणसं मोजाल तर गाव भरलेलं आहे, आणि दुपारी वाडीतून चालत जाल तर कोंबड्यांखेरीज कोणी आडवं येणार नाही. प्रत्येक कार्डावर एक-दोन नावं मस्कतची, कुवेतची, नाहीतर आमच्यासारखी सौदीची. पंचायतीचा माणूस मोजणीला आला की आमच्या बायका गेलेल्यांनाही धरून सांगतात. 'घरात किती?' 'सात.' उंबऱ्यावर उभ्या असतात तिघी. आपण खोटं सांगतोय असं त्यांच्या मनातही येत नाही. ज्याचा बिछाना गुंडाळून माळ्यावर ठेवलाय, तो घरातलाच, असा साधा हिशेब.

एस.टी. सकाळी आठला यायची. खालच्या वळणावर ड्रायव्हर हॉर्न द्यायचा, आणि तो ऐकून वरच्या वाडीतल्या बायका चुलीवरचं भांडं उतरवायच्या. कंडक्टरला कोण येणार आणि कोण नाही हे तोंडपाठ असायचं. 'खालच्या घरची मावशी दिसत नाय?' असं तो विचारायचा, मग कोणीतरी हाक मारायचं, आणि मावशी पदर सावरत, एका हातात चप्पल घेऊन धावत यायची. दोन मिनिटं गाडी थांबायची. इथे माझ्या गाड्या कोणासाठी वीस सेकंद थांबत नाहीत. तो नियम मीच केलाय.

माझी अम्मा गुरुवारी जायची. गुरुवार तालुक्याच्या बाजाराचा दिवस. तिची सीट ठरलेली, ड्रायव्हरच्या मागची तिसरी, खिडकीजवळची. पहिल्या दोन राखीव असतात, कधी कोण येऊन उठवील सांगता येत नाही. तिसरीवरून कोणी उठवत नाही, असं तिचं शास्त्र होतं. मांडीवर पिशवी. तिच्यात मोसमाप्रमाणे कोकम, शेवग्याच्या शेंगा, वाल, कधी फणसाचे गरे. बाजारात पोचल्यावर ते सगळं ती एका ठरलेल्या दुकानदाराला अर्ध्या तासात देऊन मोकळी व्हायची, कारण बाजार हे निमित्त होतं. ती जायची खालाला भेटायला.

खाला म्हणजे अम्माची धाकटी बहीण. तिला दिलेलं गाव खाडीच्या तोंडावर, पलीकडच्या काठाला. आमच्या अंगणातून संध्याकाळी तिकडचे दिवे दिसतात. पूर्वी मधे होडीची तर चालायची, ती मी लहान असतानाच बंद झाली. तेव्हापासून समोर दिसणाऱ्या गावाला जायचं तर आधी तालुक्याला जायचं, तिथून दुसरी गाडी पकडायची, आणि त्याच दिवशी परत येणं होईलच असं नाही. म्हणून या दोघींनी मधला मार्ग काढला. अम्माची गाडी साडेनऊला स्टँडवर लागायची, खालाची दहाला. खालाची परत बाराला सुटायची, अम्माची साडेबाराला. मधले दोन तास त्यांचे. स्टँडच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीजवळ एक सिमेंटचा बाक आहे, त्यावर बसून त्या दोघी म्हाताऱ्या झाल्या.

रजेवर आलो की मी एखाद्या गुरुवारी अम्माबरोबर जायचो. दोघी एकमेकींकडे बघायच्याच नाहीत. समोर लागणाऱ्या-सुटणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून बसायच्या आणि बोलत राहायच्या. एक चहा दोघींत. खाला पिशवीतून सुकट, बोंबील काढायची, अम्मा आपलं कोकम द्यायची, आणि 'एवढं कशाला आणलंस' यावर दर गुरुवारी तेच भांडण. एकदा मी भजी घेऊन परत आलो तर दोघी रडत होत्या. मला बघून अम्मा म्हणाली, 'काय नाय, आमच्या बाबाची आठवण काढली,' आणि पुढच्या क्षणी दोघी अशा हसायला लागल्या की शेजारचा माणूस वळून बघायला लागला. मला तेव्हा ते सगळं फार कंटाळवाणं वाटायचं. आज त्या बाकावर पाच मिनिटं बसायला मिळावं म्हणून माझा जीव तुटतो.

आता माझा पराक्रम सांगतो. माझा धाकटा भाऊ गावात राहिला. दोघांपैकी एकानं राहायचं हे आमचं ठरलेलं होतं. त्याच्या हाताला काम हवं म्हणून मी त्याला सहाआसनी रिक्षा घेऊन दिली. तो दिवस मला आठवतो. पिवळे झेंडू लावलेली, नवीकोरी गाडी त्यानं मशिदीसमोर उभी केली आणि मला फोटो पाठवला. अम्मा पुढच्या सीटवर बसलेली, हसणारी. तो फोटो मी कॅम्पमधल्या प्रत्येकाला दाखवला. एका पोरानं तर म्हटलंही, 'भाई, तुमच्या गावात तुमचीच ट्रान्सपोर्ट कंपनी झाली.' माझी छाती फुगली.

भाऊ हुशार निघाला. एस.टी. आठला येते म्हणून तो पावणेआठला पटांगणात उभा राहायचा. थांबायची कोणाला हौस? दवाखान्यात जाणारे, कॉलेजचे, बँकेचे, सगळे त्याच्या गाडीत बसायला लागले. मग गावात आणखी दोन गाड्या आल्या, त्याही परदेशातल्या मुलांनी घेऊन दिलेल्या. आठची एस.टी. पटांगणात येऊन वळायची आणि अम्मा, दोन म्हातारे आणि एखादी कोंबडीची डालगी एवढ्यांना घेऊन निघायची. त्या लाल गाडीत किती डोकी आहेत हे तिकडेही कोणीतरी माझ्यासारखा माणूस लिहीत असणारच. एक दिवस ती बंद झाली.

भावानं फोनवर सांगितलं तेव्हा मी काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं. 'बरं झालं,' मी म्हणालो, 'आता तुझी गाडी नीट चालेल.'

पुढची दोन वर्षं मी दर आठवड्याला फोन करत होतो. 'खालाची सुकट आली का?' 'आली की,' अम्मा म्हणायची. आणि ती खरंच यायची, माझ्या रजेच्या दिवसांत मी पोटभर खाल्लीही. रजेत एकदा भाड्याच्या मोटारीतून अम्माला खालाच्या गावी घेऊन गेलो होतो. तिथे दोघी खुर्च्यांवर समोरासमोर बसल्या. सुना सरबत घेऊन आल्या, नातवंडं सलाम करून गेली, आणि दोघी बहिणी 'तब्येत कशी हाय', 'बरी हाय' करत राहिल्या. तासाभरात अम्मा म्हणाली, 'चल, उन्हाचं निघू.' मला वाटलं, वय झालं, आता बोलायचंही राहिलं नसेल काही. मी किती बिनडोक असू शकतो याला खरंच मर्यादा नाही.

मग मागच्या हिवाळ्यात अम्माला उमऱ्याला, मक्का-मदिनेच्या यात्रेला, बोलावलं. पंचाहत्तरी नुकतीच ओलांडलेली, पण पाय ठणठणीत. मक्केचं सगळं नीट पार पडलं आणि आम्ही मदिनेला आलो. तिथे जियारतीच्या बस असतात, यात्रेकरूंना कुबाची मशीद, उहुदचा डोंगर असं फिरवून आणतात. मी दोन जागा घेतल्या. बसमध्ये चढल्याबरोबर अम्मा ड्रायव्हरच्या मागच्या तिसऱ्या सीटवर खिडकीजवळ जाऊन बसली. तीच पिशवी मांडीवर, तोच हात खिडकीच्या कडेला. फक्त बाहेर खाडी नव्हती.

कुबाला नमाज झाल्यावर आम्ही पुन्हा बसमध्ये येऊन बसलो. गाडी भरत आली होती. शेवटी तीन-चार बायका चढल्या, तुर्की असाव्यात, आणि त्यातली एक मधल्या वाटेत उभी राहून आपली जागा शोधायला लागली. मी मोबाईलमध्ये डोकं घातलेलं. वर बघतो तर शेजारी अम्मा नाही. ती पिशवी घेऊन दारापर्यंत पोचली होती. त्या बाईच्या खांद्याला हात लावून, तिला आपल्या सीटकडे बोट दाखवून, आपल्या भाषेत सांगत होती, 'तुमी बसा, तुमी बसा. मी दुसऱ्या फेरीनं येतंय.' आणि ती खाली उतरून फुटपाथवर उभीही राहिली.

मी मागोमाग उतरलो. 'अम्मा, कुठे चाललीस? आपली जागा आहे ती! तिकीट काढलंय मी तुझं.'

ती गोंधळली. एवढी की तिनं माझा हात घट्ट धरला. 'काढलंयस होय,' ती म्हणाली. 'मी म्हटलं, तुझीच गाडी. तू गाड्यांचा साहेब ना.'

'मग? आपली गाडी असली तर आपण उतरायचं?'

'आपली गाडी असली की उतराया लागतं,' अम्मा म्हणाली. 'बाहेरचा मानूस रस्त्यात उबा आनि घरचं मानूस सीटवर, बरं दिसतं काय?'

ड्रायव्हर 'यल्ला, यल्ला' म्हणत घाई करत होता. आम्ही चढलो. त्या तुर्की बाईला तिची जागा मागे सापडली होती. आणि मग उहुदपर्यंतच्या रस्त्यात, मी एकेक प्रश्न विचारत गेलो तसं सगळं बाहेर आलं. भाऊ सकाळी गाडी काढतो, अम्मा बसते. पटांगणात कोणी दवाखान्याचा येतो, कोणी परीक्षेचा. सीट भरलेल्या. अम्मा उतरते. दर गुरुवारी. भाऊ म्हणतो बस, ती म्हणते नको, दुसऱ्या फेरीनं येते. दुसरी फेरी गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, ती स्टँडवर लागते साडेबाराला. खालाची गाडी बाराला गेलेली असते. सुरुवातीला खाला थांबून बघायची. एकदा तर तिनं आपली गाडी सोडली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिली, मग तिच्या घरून बोलणी बसली. आता ती बाजारात येणाऱ्या कोणाबरोबर तरी सुकटीची पिशवी पाठवते, आणि अम्मा कोकम पाठवते. पिशव्या जातात-येतात.

'किती दिवस झाले भेटून?'

'तू मोटारीतून नेलंवतंस ना, तवा.'

'त्याआधी?'

ती खिडकीबाहेर बघत राहिली. 'एस.टी. होती तवा.'

मला त्या बसमध्ये रडू आलं, लाज न बाळगता सांगतो. इतकी वर्षं मी हजारो परक्या माणसांना त्यांच्या जागेवर बसवलं, आणि माझ्या आईला माझ्याच गाडीनं खाली उतरवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. 'मग मला सांगितलं का नाहीस?' मी जरा चिडूनच विचारलं. आपली चूक असली की मी नेहमीच चिडतो.

'काय सांगायचं? तू एवढ्या हौसेनं गाडी घेतलीस,' अम्मा म्हणाली. 'एस.टी.चं कसं, हात दाखवला की थांबते. कोनाकडं मागाया लागत नाय.'

ती परत गेल्यावर मी भावाला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. तो बिचारा ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाला, 'भाई, मी तिला कदी ऊठ म्हटलंय? अल्लाची शपथ घेतो. मी आरशात बघतो तवर ती उतरलेली असते.' आणि ते खरं होतं. तरी त्यानं एक युक्ती केली. एस.टी.त असतं तसं, सीटच्या मागे रंगानं लिहून घेतलं, 'अम्मासाठी राखीव'. त्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला, खमीस मुशैतपासून मदिनेपर्यंत पसरलेल्या आमच्या सगळ्या पोरांनी अंगठे दाखवले. पुढच्या गुरुवारी एक बाळंतीण टोचणीला पोर घेऊन निघाली, आणि अम्मा राखीव सीटवरून उतरली.

तिथे मला कळलं की रंगानं काम होणार नाही. त्या गाडीत अम्मा कायम यजमान राहणार. तिला जिथे पाहुणी होता येईल अशी गाडी हवी होती. म्हणजे एस.टी. हवी होती. पण रिकामी एस.टी. कोण सोडेल? मी त्या खुर्चीवर असतो तर मीही सोडली नसती.

याच सुमारास कॅम्पमधलं एक प्रकरण माझ्या टेबलावर होतं. लांबच्या जुन्या कॅम्पात थोडीच माणसं उरली होती, आणि त्यांची शहराकडे जाणारी रोजची बस मी तोडायला निघालो होतो. कागद तयार होता. एरवी मी सही करून चहा प्यायला गेलो असतो. या वेळी मी तिथे गेलो आणि पहिल्यांदाच विचारलं, 'तुम्हाला गाडी कशाला लागते?' एक बिहारी फिटर म्हणाला, 'रोज नको साहेब. जुम्याला पाहिजे. जुम्याला सगळेच जातो.' मी आठवड्याभराचे कागद पुन्हा चाळले. रोज सहा-सात, आणि शुक्रवारी गाडीत उभं राहायला जागा नाही. मी रोजची काढली आणि शुक्रवारची ठेवली. संध्याकाळी खोलीवर जाताना रस्त्यातच थांबलो. आमच्या गावाचंही हेच होतं. रोज मूठभर माणसं, पण गुरुवारी जो चालू शकतो तो बाजारात जातोच.

भावाला सांगितलं, पंचायतीचा ठराव करा, रोजची नको, फक्त गुरुवारची गाडी मागा, आणि सोबत जाणाऱ्यांची यादी जोडा. खोटं एक नाव नको. गुरुवार हा त्याच्या धंद्याचा सगळ्यात चांगला दिवस. आठच्या एस.टी.आधी तिन्ही गाड्यांनी माणसं भरायची नाहीत, हे मी त्याला मागत होतो. तो म्हणाला, 'बाकीच्या दोघांना मी बघतो.' माझ्यापेक्षा तो मोठ्या मनाचा आहे, हे मी त्याला अजून तोंडावर सांगितलेलं नाही.

यादी भावजयीनं लिहिली, वहीच्या कागदावर, घरवार. तिचा फोटो त्यानं मला पाठवला. यादी लांबलचक होती आणि मला आधी आनंद झाला. मग वाचायला लागलो. पहिल्या घरातला कुवेतला. दुसऱ्या घरातले दोघे दोहाला. तिसऱ्यातला इथेच, दम्माममध्ये, गेल्या जुम्याला भेटला होता. अर्धी यादी समुद्रापलीकडची. आणि आमच्या घरापुढे पहिलं नाव माझं.

भावानं हात वर केले. 'अम्मानं सांगितलं, थोरल्यापासून सुरू कर. तूच बोल तिच्याशी.'

मी बोललो. म्हटलं, अम्मा, यादीतली माणसं गाडीत बसलेली दिसली पाहिजेत, नाहीतर गाडी पुन्हा बंद होईल. मी काही गुरुवारी बाजारात येणार नाही. माझं नाव काढ.

'तुझं नाव काडलं तर घरात कोन ऱ्हायला?'

'जे आहेत ते. तू, भाऊ, त्याची बायको.'

मी इथला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कितीतरी वेळा नव्यानं काढलाय, दर वेळी वाटतं हे शेवटचं, आणि गावाची मोजणी होताना घरातल्यांत माझंही नाव धरलं जातं या भरवशावर मी दिवस काढत आलोय. ते नाव खोडायला मीच सांगत होतो.

'खोड सांगते,' शेवटी अम्मा म्हणाली. 'पन पेन्सिलनं खोडाया सांगते.'

खरी यादी एका पानात मावली. आपलं गाव एका पानाचं झालंय हे त्या दिवशी कळलं. पण त्या एका पानातलं प्रत्येक माणूस गुरुवारी बाजारात जाणारं होतं. ठराव गेला, भावानं दोन-चार चकरा मारल्या, आणि काही आठवड्यांनी निरोप आला की गुरुवारची गाडी सुरू करून बघू, माणसं दिसली तर पुढे चालू ठेवू.

पहिल्या गुरुवारी मी इथे पहाटेच ऑफिसात येऊन बसलो. आपल्याकडे आठ म्हणजे इथे साडेपाच. माझ्या स्वतःच्या गाड्या सुटत होत्या, त्यांच्याकडे माझं लक्ष नव्हतं. ग्रुपवर पटांगणाचा फोटो आला. लाल गाडी वळून उभी होती, दाराशी माणसांची रांग, आणि त्या रांगेत माझा भाऊ, हातात पिशवी घेऊन. स्वतःची रिक्षा दारात ठेवून तो डोकी वाढवायला निघाला होता. मी फोटो मोठा करून माणसं मोजली. सवय आहे. मग मशिदीच्या भिंतीपर्यंतची पुन्हा मोजली.

इथे साडेसात झाले, म्हणजे तिकडे दहा. मी आणखी थोडा वेळ दम धरला आणि भावाच्या मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यानं फोन तसाच अम्माच्या हातात दिला. आधी टाकी दिसली, मग आकाश, मग अम्माचा अर्धा चेहरा.

'तिसरी मिळाली का?' मी विचारलं.

'तिसरीवर एक पोरवाली बसलीवती. उटत होती माझ्यापायी. मी म्हटलं, बस तू. मी चौथीवर बसले.' तिनं तिकिटाचा कागद फोनसमोर धरला, इतका जवळ की मला नुसता पांढरा रंग दिसला. 'हे बग. पंच्याहत्तरीवरच्यांना फुकट हाय. शून्य लिवलंय. पन तिकीट हाय. कोनी उटवलं नाय मला.'

'आणि खाला?'

फोन हलला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला खाला बसली होती, मधे दोन पिशव्या आणि एक चहा. ती फार वाळली होती. तिनं मला बघून हात वर केला, काहीतरी दुवा दिली, मला ती ऐकू आली नाही, कारण मागे कुठलीतरी गाडी हॉर्न देत होती. मला खूप विचारायचं होतं. तिचं कसं चाललंय, गुडघे कसे आहेत, अम्मा दिसली तेव्हा काय म्हणाली. मी तोंड उघडलं.

'आता ठेव तू,' अम्मा म्हणाली. 'तिची गाडी बाराला हाय. आमाला बोलायचंय.'

मी फोन ठेवला.